एक हात भात्यावर : दौंड-शिरूरची पेटी आणि फोडलेली कॉर्ड

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने एक वाक्य लिहिलं होतं : 'दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या पेटीवादनात अर्पेजिओ आला तो मिशनऱ्यांच्या संगीतामुळे.' वाक्य छोटं होतं, ठाम होतं, आणि त्याला चार-पाच संदर्भ सहज जोडता आले असते. माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने दोनच शब्द लिहून मसुदा परत दिला : 'कुठल्या हाताने?'

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी 'प्रभाव' या विषयावर वाचत होतो, हाताचा काय संबंध? पुढचे काही महिने मात्र याच प्रश्नामागे गेले, आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यातून उभं राहिलं. तुम्ही संशोधनाच्या तयारीला लागला असाल, विषय ठरवत असाल, तर ही गोष्ट उपयोगी पडेल. संगीत हा तुमचा विषय नसला तरी चालेल. 'अमक्याचा तमक्यावर प्रभाव' असं वाक्य आपण सगळेच कधी ना कधी लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ

तीन किंवा जास्त सूर एकदम वाजवले की कॉर्ड होते. पेटीवर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकत्र दाबून बघा, ती सगळ्यात ओळखीची कॉर्ड. तेच तीन सूर एकदम न दाबता एकामागून एक वाजवले, सा-ग-प-सां, की झाला अर्पेजिओ. मी याला 'फोडलेली कॉर्ड' म्हणतो. नारळ फोडतो तसं नाही, शंभराची नोट फोडून सुटे करतो तसं. रक्कम तीच, फक्त हातात सुटी येते.

'अर्पेजिओ' हा इटालियन शब्द 'आर्पा' म्हणजे हार्प या वाद्यावरून आला आहे. हे नाव लक्षात ठेवा, कारण हार्पची तार छेडली की ती वाजत राहते. पुढची तार छेडेपर्यंत आधीचा सूर हवेत असतोच. म्हणजे सूर सुटे वाजतात, पण कानात साठत जातात आणि शेवटी कॉर्ड तयार होते. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्यूट वाजवणाऱ्यांनी हीच युक्ती फार पुढे नेली. तारेचा आवाज लवकर विरतो, मग सूर एकदम वाजवून संपवण्यापेक्षा फोडून वाजवले तर नाद टिकतो. हार्पसिकॉर्ड आणि पियानोच्या संगीतात ही सवय पुढे चालू राहिली. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर'च्या पहिल्या भागातला (१७२२) पहिला प्रेल्यूड जवळजवळ सगळा फोडलेल्या कॉर्डचाच आहे. बेथोव्हेनचा 'मूनलाइट' म्हणून ओळखला जाणारा सोनाटा (१८०१) सुरू होतो तोही अशाच सुट्या सुरांनी.

थोडक्यात, फोडलेली कॉर्ड ही आवाज विरणाऱ्या वाद्यांची गरज होती. आता पेटीकडे बघा. पेटीचा आवाज विरत नाही. पट्टी दाबलेली आहे आणि भात्यात हवा आहे, तोवर सूर एकसारखा वाजतो. बोट उचललं की त्या क्षणी बंद. म्हणजे पेटीला कॉर्ड फोडण्याची गरज नाही, आणि फोडली तर सूर साठतही नाहीत. मग आपल्याकडचे पेटीवाले ती का फोडतात? माझ्या मूळ वाक्यात या प्रश्नाला जागाच नव्हती.

'हे आपल्याकडे होतंच' हा दुसरा खड्डा

मिशनऱ्यांचं वाक्य अडचणीत आल्यावर मी उलट्या टोकाला गेलो. तंबोरा आहे की! प-सा-सा-सा, चार तारा, एकापाठोपाठ एक. प्रत्येक तार दुसरीच्या नादात मिसळते. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून गांधारही ऐकू येतो, तो कुणी छेडत नाही, आपोआप येतो. सा, ग, प तिन्ही हजर. म्हणजे फोडलेली कॉर्ड आपल्याकडे आधीपासूनच आहे!

दौंड तालुक्यापुरतं बोलायचं तर उदाहरण आणखी जवळचं आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला मुक्कामाला असते. प्रत्येक दिंडीत एकाच्या गळ्यात वीणा असते. वीणेकरी त्यावर चाल वाजवत नाही, मोकळ्या तारा छेडत चालतो. टाळ आणि पखवाजाच्या गजरात ती वीणा लांबच्या माणसाला ऐकूही येत नाही, पण तिच्याशिवाय दिंडी नाही.

हा मुद्दा मी उत्साहाने लिहून काढला आणि दोन दिवसांनी स्वतःच खोडला. कारण सोपं आहे. तंबोऱ्याची किंवा वीणेची कॉर्ड बदलत नाही. गाणं कुठेही जावो, ती जिथे आहे तिथेच राहते. पाश्चात्त्य गाण्यातली कॉर्ड चालते. गाण्याची ओळ पुढे सरकली की तीही सा-ग-प वरून म-ध-सां वर, तिथून प-नी-रें वर जाते आणि परत घरी येते. तंबोरा म्हणजे जमीन, आणि ही दुसरी कॉर्ड म्हणजे पायऱ्या. दोन्हींत सूर सुटे वाजतात एवढ्यावरून त्यांना एक म्हणता येत नाही.

आणखी एक सापळा सांगतो. रागात सूर गाळून घेतलेली प्रत्येक हरकत अर्पेजिओ नसते. शंकरा रागात 'सा ग प' असा सूरसमूह सहज येतो, पण तो रागाच्या चालीचा भाग आहे, त्याच्याखाली कुठलीही कॉर्ड नाही. दिसायला सारख्या दोन गोष्टींची कारणं वेगळी असू शकतात. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता हाताकडे येऊ

अलेक्झांडर देबँ या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य खुर्चीवर बसून वाजवायचं होतं. भाता पायाने हलवायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर. आपल्याकडे यालाच 'पायपेटी' म्हणतात. युरोपीय लोकांनी हिंदुस्थानात आणली ती हीच, आणि प्रवासात नेता यावी म्हणून तिच्या घडीच्या आवृत्त्याही निघाल्या. प्रोटेस्टंट उपासनेतली गीतं साधारणपणे चार आवाजांत लिहिलेली असतात, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. पायपेटीवर दोन हातांत हे चारही आवाज बसतात. ओळीच्या प्रत्येक अक्षराला एक पूर्ण, ठोकळेबाज कॉर्ड.

पण आपण जमिनीवर बसून गातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' कंपनीने हातभात्याची छोटी पेटी तयार करून लोकप्रिय केली. मांडीसमोर ठेवता येईल, डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला जाता येईल अशी. भाता पेटीच्या मागच्या बाजूला. आणि इथेच सगळं बदललं, कारण भाता हलवायला एक हात गेला.

दोन हातांतून एक वजा केला की उरतो एक. पाच बोटं. त्यांनीच चाल वाजवायची, गाणाऱ्याला सूर द्यायचा, मधल्या जागा भरायच्या. चार आवाजांची उपासनागीतं या एका हातात बसत नाहीत. बसलीच तर चाल आणि तिच्याखाली एक-दोन सूर. जे वाद्य हवं तितके सूर हवा तितका वेळ धरून ठेवू शकतं, त्याच्यावर कॉर्ड धरणंच अवघड झालं. म्हणून ती फुटली.

'कुठल्या हाताने?' याचा अर्थ हा होता. मिशनऱ्यांची कॉर्ड पायपेटीवरची, दोन हातांची. गावातली पेटी एका हाताची. पहिल्यावरून दुसरीवर जाताना मधे जे घडलं, त्याला 'प्रभाव' म्हणून मोकळं होता येत नाही.

शिरूर ते चौफुला

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून आलात की पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला लागतं. या एका रस्त्याच्या दोन टोकांना आणि आसपास पेटीची किती घरं आहेत ते बघा.

शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी. इथे अमेरिकन मराठी मिशनचं केंद्र होतं. त्यांचं मुख्य ठाणं अहमदनगर. त्याच नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले, आपल्या चालींवर, आपल्या छंदांत. त्यामुळे मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात : पाश्चात्त्य चालीची भाषांतरित गीतं आणि देशी चालीची भजनं. पहिल्या प्रकाराला कॉर्ड लागते. दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे 'मिशनरी संगीत' ही एक गोष्ट नव्हतीच. माझ्या वाक्यातला हा दुसरा दोष.

शिरूर तालुक्यातलंच कवठे येमाई हे तमाशाच्या जगात मोठं नाव. लोकगीतं आणि वगनाट्यं लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. जुन्या तमाशाचा साज म्हणजे ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज. तुणतुण्याला एकच तार, तिथे कॉर्डचा प्रश्नच येत नाही. पेटी या साजात नंतर आली.

दौंडच्या बाजूला केडगाव. पंडिता रमाबाईंनी इथे मुक्ती मिशन उभं केलं, १८९० च्या दशकातल्या दुष्काळांत शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, आणि १९२२ साली इथेच त्यांचं निधन झालं. त्याच केडगावजवळ नारायण महाराजांचं बेट, दत्ताचं ठाणं, तिथे भजनं. आणि तिथून अगदी जवळ चौफुला, संगीत बारीच्या कला केंद्रांसाठी महाराष्ट्रभर माहीत असलेलं. चर्चमधली प्रार्थना, दत्ताचं भजन आणि बैठकीची लावणी, तीन प्रकार हाकेच्या अंतरावर, आणि तिन्ही ठिकाणच्या गाण्याला पेटी चालते.

माझ्या नकाशावर ही ठिकाणं आधी बाणांनी जोडलेली होती. मिशनकडून भजनाकडे एक बाण, भजनाकडून लावणीकडे दुसरा. असे बाण काढायला फार सोपे असतात. तुम्हीही काढाल. काढा, पण पेन्सिलने.

पेटीमास्तरांनी दाखवलेलं

या भागात गेली चाळीसेक वर्षं बारीत आणि गावच्या भजनात वाजवणाऱ्या एका पेटीमास्तरांकडे मी गेलो. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांनी तशी परवानगी दिलेली नाही. मी रेकॉर्डर लावला आणि तयारीने आणलेला प्रश्न विचारला : 'तुम्ही कॉर्ड फोडून वाजवायला कुणाकडून शिकलात?'

ते म्हणाले, 'फोडून म्हंजे? धरून दाखवतो, बघा.' त्यांनी सा-ग-प-सां चारही पट्ट्या एकदम दाबल्या. पेटीत तीन ओळी सूर होते, म्हणजे एका पट्टीमागे तीन-तीन पितळी जिभा वाजत होत्या. डावा हात भात्यावर जोरात चालू लागला. 'आता मोजा,' म्हणाले, आणि भाता सोडला. काही क्षणांतच आवाज बसला. मग एकच पट्टी दाबून पुन्हा भाता सोडला. या वेळी सूर बराच वेळ टिकला.

'चार पट्ट्या धरल्या की हवा चौपट जाते. रात्रभर वाजवायचं असतं. हात निखळंल का नाही?'

मी वर्षभर जे वाचत होतो त्यात ही गोष्ट मला कुठेच सापडली नव्हती.

मग त्यांनी स्वतःची पद्धत दाखवली. अंगठा खालच्या 'सा'वर धरलेला, तो उचलायचाच नाही. बाकीची बोटं प, सां, ग अशी आळीपाळीने फिरतात. एक सूर धरलेला, एक चालता. हवा दोन पट्ट्यांचीच लागते, पण कानाला चार पट्ट्यांचा भास होतो. तंबोऱ्यात नाद साठवण्याचं काम तार करते, इथे ते अंगठा करतो.

दुसरं कारण त्यांनी न विचारता सांगितलं. लावणीच्या चाली बरेचदा पिलू, भैरवीसारख्या रागांच्या अंगाने जातात. पिलूत शुद्ध आणि कोमल दोन्ही गांधार येतात. 'मी शुद्ध ग धरून बसलो आणि बाई कोमल ग घेऊन उतरल्या, तर? बाईंचा सूर मरतो. मग लोक म्हणतात बाई बेसूर.' म्हणून ते ग फक्त स्पर्शून सोडतात, किंवा वगळतात आणि सा-प वरच खेळतात. फोडलेल्या कॉर्डमधून हवा तो सूर ऐन वेळी गाळता येतो. धरलेल्या कॉर्डमधून तो काढेपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसरं कारण माझं, त्यांच्या पेटीवर मोजून काढलेलं. पेटीचे बारा सूर सहसा समान अंतरावर लावलेले असतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले, तर पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. सा आणि ग एकत्र धरले की ही खोट थरथरत ऐकू येते. ग एकटा वाजवून सोडला तर ती झाकली जाते.

हवा, बाईंचा सूर आणि गांधाराची खोट. या तीन कारणांत मिशनरी कुठेच नाहीत. पाच बोटं, एक भाता आणि समोर गाणारी बाई एवढंच आहे.

मग सगळं हातानेच ठरतं का?

नाही. इथे मी तिसऱ्यांदा घसरणार होतो. एखादं कारण सापडलं की ते सगळीकडे लावावंसं वाटतं. त्याला उतारा म्हणजे आपल्या म्हणण्याविरुद्धचं उदाहरण आपणच शोधायचं.

मराठी संगीत नाटक घ्या. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. पुढच्या काही दशकांत नाटकांच्या साथीला पायपेटी आणि मग ऑर्गन स्थिरावले. बालगंधर्वांच्या गाण्याशी ऑर्गनचा सूर कायमचा जोडला गेला. ऑर्गनला भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे. माझं म्हणणं सरसकट खरं असतं तर नाट्यसंगीताची साथ कॉर्डने भरून वाहायला हवी होती. तसं झालं नाही. ऑर्गनवाले बरेचदा दोन्ही हातांनी तीच चाल वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. दुसरा हात मिळाला, पण त्याने गायकाचाच माग धरला. 'मानापमान' (१९११) च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे तर पेटीचे एकल वादक म्हणून गाजले, आणि त्यांचा सगळा ध्यास होता तो पेटीतून गळ्यासारखं गाणं काढण्याचा.

म्हणजे हात मोकळा असणं ही अट आहे, कारण नव्हे. एक हात अडकला तर कॉर्ड धरता येत नाही. दोन्ही मोकळे असले तर धरता येते, पण धरायची की नाही हे वाजवणारा ठरवतो. अट आणि कारण यांतला हा फरक शोधनिबंधात फार वेळा पुसला जातो.

तो निर्णय कुणी वेगळा घेतला? केशवराव भोळ्यांनी. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात आणि नंतर प्रभातच्या चित्रपटांत त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांना साथीत जाणीवपूर्वक जागा दिली. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेले वादक आणि संयोजक होते, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे. त्यांच्या स्वरलेखनात कॉर्ड वेगवेगळ्या वाद्यांत वाटली गेली. एका माणसाच्या पाच बोटांची अडचण तिथे उरलीच नाही, कारण एकेक सूर एकेका वादकाकडे गेला.

आणि ते संगीत चौफुल्याला परत आलं. 'सांगत्ये ऐका' (१९५९) ला वसंत पवारांचं संगीत, 'पिंजरा' (१९७२) ला राम कदमांचं. बारीतला प्रेक्षक सिनेमातली लावणी मागणारच. मग पेटीमास्तरांना अख्खा वाद्यवृंद एका हातात आणावा लागला. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांची सगळ्यात भरगच्च फोडकाम असलेली जागा कुठली, तर अशाच एका सिनेमातल्या लावणीच्या मधल्या संगीताची. प्रभाव शोधायचाच असेल तर तो इथे जास्त ठळक सापडतो. तो चर्चकडून आलेला नाही, पडद्याकडून आलेला आहे.

बंदीच्या काळात कुणी ऐकलं?

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पेटीतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती परकी आहे, असे आक्षेप होते. त्याआधी दिल्ली केंद्रावर काम केलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर कडाडून टीका केली होती. रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी करून यातून वाट काढायचा प्रयत्न केला होता. आकाशवाणीची बंदी सैल व्हायला सुमारे तीन दशकं लागली.

या वादावर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते तुम्ही वाचालच. वाचताना एक गोष्ट तपासा : दोन्ही बाजू पेटीच्या सुरांबद्दल बोलतात. ती वाजवणाऱ्याबद्दल कोण बोलतं? पेटी परकी म्हटली की वाजवणारा नकलाकार ठरतो. तिच्यावरची कॉर्ड आपलीच म्हटली तर तो परंपरेचा नुसता वाहक. हवा किती लागते, बाईंचा गांधार कुठे जातोय, कुठला सूर गाळायचा, हे रोज रात्री ठरवणारा माणूस दोन्हीकडे गायब. माझ्या पहिल्या मसुद्यातही तो नव्हता. याची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

पुरावा कुठे शोधाल?

फोटोत : जुन्या नाटकमंडळ्यांच्या, भजनी मंडळांच्या, मिशनशाळांच्या फोटोंत पेटी दिसते. ती जमिनीवर आहे की पायांवर उभी, वाजवणारा मांडी घालून बसलाय की खुर्चीवर, एवढं बघितलं तरी किती हात मोकळे होते ते कळतं.

ध्वनिमुद्रिकांत : इथे सावध राहा. हिंदुस्थानात ग्रामोफोनचं मुद्रण १९०२ ला सुरू झालं आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते भोंग्यातून होत असे. भोंग्याला खालचे सूर नीट पकडता येत नसत आणि साथीदार गायकाच्या मागे असायचा. त्यामुळे जुन्या तबकडीत कॉर्ड ऐकू आली नाही, याचा अर्थ ती वाजलीच नाही असा होत नाही.

वाद्यात : पेटी उघडून बघा. सुरांच्या ओळी किती, कपलर आहे का, भाता केवढा. जास्त वापरलेल्या पट्ट्या झिजलेल्या असतात. त्या पेटीमास्तरांच्या पेटीवर त्यांच्या नेहमीच्या 'सा'च्या पट्टीला अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. चाळीस वर्षं तो अंगठा तिथे आहे.

माणसांत : 'कुणाकडून शिकलात' असं आधीच विचारू नका. त्यातून नावं मिळतात. 'करून दाखवा' म्हणा, मग कारणं मिळतात.

आता एक शेवटचा टप्पा, जो माझ्या प्रबंधात बसत नाही पण तुमच्यापैकी कुणीतरी घ्यावा. आज बारीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि काही भजनी मंडळांतही पेटीशेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. त्याला भाता नाही. दोन्ही हात मोकळे. आणि त्यात अशी सोय आहे की डाव्या हाताचं एक बोट ठेवलं की यंत्रच कॉर्ड बनवतं आणि तालात फोडतं. म्हणजे ज्या अडचणीतून फोडकाम जन्माला आलं ती संपली, पण फोडकाम राहिलं. आता ते हवेमुळे होत नाही आणि बाईंच्या गांधारासाठी थांबतही नाही. मी पेटीमास्तरांना विचारलं, तुम्ही तो वाजवता का? म्हणाले, 'वाजवतो की. पण त्याचा ताल चालू केला की मला बाईंकडं बघावं लागत नाही. ते बरं नाही.'

माझं सुधारलेलं वाक्य आता असं आहे : 'दौंड-शिरूर परिसरातल्या हातपेटीवरची फोडलेली कॉर्ड ही एका हाताची, मर्यादित हवेची आणि गायिकेच्या सुराची गरज भागवत घडलेली पद्धत आहे, चित्रपटसंगीताने तिला विस्तार दिला, मिशनच्या उपासनासंगीताशी तिचा थेट संबंध दाखवणारा पुरावा मिळालेला नाही.' पहिल्या वाक्यापेक्षा लांब आहे, कमी ठाम आहे. मार्गदर्शकांनी या वेळी त्याखाली काहीच लिहिलं नाही.

तुमच्या गावात जुनी पेटी असेल, देवळात, चर्चमध्ये, कुणाच्या माळ्यावर, तर जाऊन बघा. भाता कुठे आहे ते आधी बघा, आणि कुठली पट्टी झिजली आहे ते टिपून ठेवा.